खेळाधारित ॲप आणि बालकांचे भावनियमन : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
राग, भीती, विरह अशा कठीण भावना मुलांना हाताळता याव्यात, या हेतूने खेळावर आधारलेली अनेक ॲप्स गेल्या दीड दशकात निर्माण झाली. अमेरिकेतील सेसमी वर्कशॉप या संस्थेचे 2013 मधील ‘ब्रीद, थिंक, डू विथ सेसमी’ हे त्यांपैकी एक होय. पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील बालकाच्या दृष्टीने त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सामर्थ्य :
अंगणवाडीच्या वयासाठी असलेल्या या ॲपमधील छोटा राक्षस बूट घालता न आल्याने चिडतो, आईवडिलांचा निरोप घेताना कासावीस होतो. मूल त्याच्या पोटावर बोट टेकवून त्याला संथ श्वास घ्यायला लावते व नंतर उपाय निवडते. येथे मूल हे उपदेशाचा विषय नसून सांत्वन करणारे आहे. भूमिकेचा हा पालट हेच ॲपचे खरे बळ होय.

मर्यादा :
ॲपची भाषा इंग्रजी व स्पॅनिश आहे, ही उघड मर्यादा. परंतु मूलभूत उणीव निराळी आहे. हा राक्षस मुलावर कधी रुसत नाही. लगोरीत किंवा सूरपारंब्यांत मुलावर राज्य येते, रडीचा डाव खेळल्यास भिडू अडवतात, कट्टीनंतर बट्टी करावी लागते. धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून सांभाळून घेतले जाते. भावनियमनाचे हे शिक्षण सवंगड्यांवाचून अशक्य आहे.

या परिसरातील डोंगराळ, विखुरलेल्या वाड्यांत कमी पटाच्या शाळांतून नेमके सवंगडीच अपुरे पडतात. तत्कालीन वेल्हे तालुक्यातील पानशेत येथे अशा शाळा एकत्र करून समूह शाळा सुरू झाली. 2023 मध्ये राज्यातील 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या संदर्भात शिक्षण विभागाने तिचा दाखला दिला. अशा शाळेत मुलांना भिडू मिळतात; मात्र वाडीतली शाळा दुरावते व रोजचा निरोप लांबतो. या पेचाचे उत्तर कोणत्याही ॲपजवळ नाही. जेथे भिडू कमी तेथे ॲपचा मोह अधिक. आणि त्याची उणीवही तेथेच अधिक घातक.

निष्कर्ष :
ॲप त्याज्य नाही. त्यात पालकांना स्वतःच्या आवाजातील धीराचे शब्द भरता येतात. तेथे आईची मराठी ऐकू यावी. श्वास शांत करण्याचा पहिला धडा ॲप देऊ शकेल. हरणे पचवण्याचा व रुसवा काढण्याचा धडा मात्र अंगणातच मिळेल. म्हणून ॲप हाती देण्यापूर्वी वाडीवाडीतील मुले आठवड्यातून एकदा तरी एकत्र खेळतील, याची तजवीज शाळा व अंगणवाडी यांनी करणे अगत्याचे आहे.