व्हिक्टोरियाकालीन अरुंद अलंकृत मुद्राक्षरे : एक पुनर्विचार

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या शीर्षकाक्षरांना 'बाजारी' ठरवून मोकळे होण्याची प्रथा जुनी आहे. १८९१ मध्ये विल्यम मॉरिस याने केल्म्स्कॉट मुद्रणालय स्थापून पंधराव्या शतकातील व्हेनिसच्या अक्षरांचा आदर्श पुढे ठेवला आणि ही निंदा जवळजवळ सिद्धान्तपदास पोचली. १९३८ मध्ये निकोलेट ग्रे यांच्या ग्रंथाने या अक्षरांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. तथापि पुढे वाढलेले कौतुक बहुधा सुट्या अक्षराच्या नक्षीपुरतेच राहिले. निंदक आणि प्रशंसक या दोघांचीही दृष्टी ओळीकडे वळली नाही, असे म्हणणे प्राप्त होते.

नाटकाच्या जाहिरातपत्रकाचा कागद उभा व चिंचोळा असे. नटाचे नाव एका ओळीत, पूर्ण रुंदी व्यापून आणि दुरून वाचता येईल इतक्या उंचीचे बसविणे जुळाऱ्यास भाग असे. रुंदी वाढविता येत नाही व उंची सोडवत नाही, या कोंडीतून अक्षराचा संकोच जन्मला. धातूचे मोठे खिळे जड आणि महाग पडत. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्याची युक्ती काढली, तेव्हा हा मार्ग अधिकच सुकर झाला.

परंतु संकोच म्हणजे चेपणे नव्हे. अक्षर आडवे चेपले की उभे दंड बारीक होतात, आडव्या रेषा मात्र जाडच राहतात आणि वजनाचा तोल उलटतो. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याने नोंदविलेल्या 'क्लॅरेंडन'मध्ये नक्षी नाही. पण दंडाचे वजन राखून आतील पोकळी नेमकी आवळण्याचे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते.

अलंकाराचा न्यायही याच कसोटीवर करावा. अतिअरुंद ओळीत सारखे उभे दंड कुंपणासारखे भासतात. 'टस्कन' वळणाच्या काही अक्षरांत दंडाच्या मध्यावर फुगवटा वा काटा येतो. हे फुगवटे ओळीभर एका पातळीत आल्याने नजरेला आडवा आधार मिळतो. येथे अलंकार अर्थपूर्ण आहे. जेथे तो अक्षराची पोकळीच बुजवितो, तेथे मात्र मॉरिसपंथीयांचा आक्षेप मान्य करावा लागतो.

आपल्या नागरीत तो आडवा आधार शिरोरेषा देतच असते. म्हणून रोमन अक्षराचा मध्यफुगवटा उचलून नागरीस चिकटविल्यास दुसरा पट्टा निर्माण होईल, सौंदर्य नव्हे.

आज संगणकावर ही वळणे पुन्हा सहज उपलब्ध झाली आहेत. मात्र जुना जुळारी प्रत्येक ओळीसाठी निराळ्या रुंदीचे अक्षर निवडी. आज एकच वळण सर्व ओळींना लावले जाते, किंवा हवे तसे चेपले जाते. अशाने नक्षी परत येते, तिचे कारण परत येत नाही. कारणावाचून आलेल्या अलंकारालाच 'बाजारी' हे विशेषण खऱ्या अर्थाने लागू पडते.