रुमालाखालचा लिलाव

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा. मी आज ज्याची समीक्षा करणार आहे ते एक पान आहे, आणि इथे बसलेल्या बहुतेकांनी ते आज सकाळपासून चार-पाच वेळा तरी वाचलं असणार. गूगलवर काही शोधलं की समोर येतं ते पान. इतकं वाचलं जाणारं पान, पण संहिता म्हणून त्याची चिकित्सा आपण करत नाही. कारण आपल्याला वाटतं की ते कोणी लिहिलेलंच नाही, ते आपलं आपण येतं.

तसं ते येत नाही. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात जे बदल झाले त्यांचा भार धंदा करणाऱ्यांवर पडला आहे, लहान धंदेवाल्यांवर जास्त. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पानावर दोन माणसं भेटतात, शोधणारा आणि विकणारा. शोधणाऱ्याला उत्तर कुठलं आणि जाहिरात कुठली हे ओळखणं अवघड होत गेलं, हे आपण ऐकून आहोत. पण त्याच काळात विकणाऱ्यालाही आपण पैसे नेमके कशाचे मोजतोय हे दिसेनासं झालं. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी आहे, आणि मधल्या माणसाला मात्र सगळं दिसतंय.

सुरुवात १९९८ पासून करू. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज तेव्हा स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारे विद्यार्थी होते. आपल्या नव्या शोधयंत्रावर त्यांनी जो निबंध लिहिला, त्याला एक परिशिष्ट आहे. त्यातला आशय असा की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून लांब जाणार. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, याच दोघांच्या कंपनीने ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली. याला मी ढोंग म्हणणार नाही. गोटू डॉट कॉम नावाच्या कंपनीने निकालातल्या जागांचा लिलाव आधीच मांडला होता. क्लिकमागे जो जास्त देईल तो वर. त्या मानाने गूगलची सुरुवातीची मांडणी सभ्य होती. निकाल वेगळे, जाहिराती वेगळ्या, वरच्या जाहिरातींमागे फिकट रंग. आपल्याकडे वर्तमानपत्रात पैसे घेऊन छापलेल्या पानाच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत का होईना, 'जाहिरात' असं छापायची रीत आहे. तसाच तो एक शिष्टाचार होता.

आता तो रंग कसा उडत गेला बघा. २०१३ मध्ये मागचा रंग काढला आणि जाहिरातीशेजारी 'ॲड' लिहिलेली छोटी पिवळी चौकट आली. २०१६ मध्ये चौकट हिरवी झाली, म्हणजे शेजारी वेबसाइटचा पत्ता ज्या रंगात असायचा तोच रंग. २०१७ मध्ये आतला रंग गेला, नुसती किनार राहिली. जानेवारी २०२० मध्ये संगणकाच्या पडद्यावर किनारही गेली. उरली दोन काळी अक्षरं, आणि खऱ्या निकालांना बरोब्बर त्याच जागी वेबसाइटची चिमुकली चिन्हं. तेव्हा इतकी ओरड झाली की ती चिन्हं गूगलने काही दिवसांतच मागे घेतली. २०२२ पासून 'स्पॉन्सर्ड' हा शब्द येऊ लागला. हा बदल बरा आहे, हेही म्हणायला हवं. पण प्रवासाची दिशा तुमच्या लक्षात आली असेल. साड्यांच्या दुकानात जसा काठ हळूहळू अंगाच्या रंगात मिसळत न्यावा, तसं हे झालं.

एक बदल त्या मानाने कमी चर्चिला गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये संगणकावरच्या पानाचा उजवीकडचा जाहिरातींचा स्तंभ काढून टाकला आणि खरेदीकडे झुकणाऱ्या शोधांसाठी वर चार जाहिराती येऊ लागल्या. शोधणाऱ्याला पान सुटसुटीत वाटलं. पण कमी बजेटवाला दुकानदार कुठे बसायचा? त्या उजव्या बाजूलाच. नाटकाला बाल्कनीचं तिकीट असतं तसं ते होतं. बाल्कनीच पाडली, म्हणजे सगळी भांडणं पहिल्या रांगेसाठी.

हे झालं वरचं, दिसणारं. खरी गंमत, गंमत कसली, खरा घोळ पडद्यामागे आहे.

धरून चाला, सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणारा एक माणूस आहे. तो काही शब्द निवडतो, त्यांना कीवर्ड म्हणतात. हे शब्द कोणी शोधले की माझी जाहिरात दाखवा, असा सौदा. पूर्वी तो सांगू शकायचा की अगदी हेच शब्द, दुसरे नकोत. याला 'एक्झॅक्ट मॅच' म्हणतात, तंतोतंत जुळणी. २०१४ मध्ये गूगलने ठरवलं की अनेकवचन, चुकीचं स्पेलिंग वगैरे जवळची रूपं यात धरलीच जाणार, नको म्हणायची सोय नाही. २०१७ मध्ये शब्दांचा क्रम बदलला तरी चालेल असं झालं. २०१८ मध्ये तर अर्थ तोच असला की पुरे. अर्थ तोच आहे हे कोण ठरवणार? जो क्लिकचे पैसे घेतो तो! नाव मात्र अजून 'एक्झॅक्ट'च.

याची दुसरी बाजू आहे, ती लपवणार नाही. आपल्या भाषेत 'खेळणी', 'खेळण्यांची', 'खेळण्यांसाठी' अशी रूपं होतात, त्यात अर्धी माणसं रोमन लिपीत टाइप करतात. लहान दुकानदाराने सगळी रूपं कुठून लिहून काढायची? यंत्राने ती ओळखली तर उपकारच आहेत. माझा आक्षेप मदतीला नाही. मदत नको असं म्हणायचा हक्क काढून घेतला, आक्षेप त्याला आहे.

आणि मग वही काढून घेतली. वही म्हणजे, लोकांनी नेमकं काय टाइप केलं तेव्हा तुमची जाहिरात दिसली आणि क्लिक झाली, याचा अहवाल. हुशार जाहिरातदार दर आठवड्याला तो वाचायचा आणि भलते शब्द गाळायचा. सप्टेंबर २०२० पासून गूगलने त्यात फक्त पुरेशा लोकांनी शोधलेले शब्द दाखवायला सुरुवात केली, कारण दिलं खासगीपणाचं. पैसे मात्र सगळ्याच क्लिकचे. वाण्याने महिन्याचं बिल द्यावं आणि म्हणावं, यातले काही जिन्नस कोणते ते सांगता येणार नाही, शेजाऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. (हशा) २०२१ मध्ये 'परफॉर्मन्स मॅक्स' आलं. एकच बजेट द्या; सर्च, यूट्यूब, जीमेल, नकाशे, कुठे किती खर्चायचं ते यंत्र ठरवेल. सुरुवातीला तर कुठल्या खिडकीत किती गेले हेही धड कळत नसे. ओरड झाल्यावर २०२५ मध्ये त्याचा तपशील दाखवायला सुरुवात केली.

आता नावाबद्दल. पुण्यातल्या जुन्या दुकानांवर एक पाटी असते, 'आमची कोठेही शाखा नाही'. आपण तिच्यावर विनोद करतो. पण त्या पाटीचं काम गंभीर होतं. माझ्या नावावर दुसऱ्याने गिऱ्हाईक ओढू नये, एवढंच ती सांगत होती, आणि एकदा रंगवली की फुकट. गूगलच्या पानावर तुमच्या दुकानाचं नाव हाही एक कीवर्ड आहे. प्रतिस्पर्धी त्यावर बोली लावू शकतो. मग तुमचं नाव घेऊन तुमच्याकडेच येणाऱ्या माणसासाठी तुम्हालाही बोली लावावी लागते. पाटीचं भाडं, दर क्लिकला! अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव वापरणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सचा वाद याच मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की कीवर्ड म्हणून ट्रेडमार्क वापरणं हा ट्रेडमार्कचा वापरच आहे आणि गूगल त्यात नुसता प्रेक्षक नाही, सक्रिय सहभागी आहे. मात्र तेवढ्याने उल्लंघन होत नाही. गिऱ्हाइकाचा गोंधळ उडतो का ते पाहावं लागेल. कायद्याच्या अंगाने ते योग्य असेल. पण भाड्याचा प्रश्न त्याने सुटला नाही.

आणि हे भाडं ठरतं कसं? शेतमालाच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा. शेतकरी समोर उभा, माल त्याचा, आणि भाव त्याला दिसायचा नाही. म्हणून तर उघड लिलावाचा आग्रह धरावा लागला. गूगलच्या लिलावाचं तत्त्व असं सांगतात की जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली नव्हे, तर खालच्याला मागे टाकण्यापुरतेच पैसे द्यायचे. ऐकायला रास्त. पण खालच्याचे गुण कोण मोजतं? गूगल. दुसऱ्या क्रमांकाचे गुण जरा वर ढकलले की पहिल्याचं बिल वाढतं, आणि त्याला वाटतं स्पर्धा वाढली. अमेरिकी सरकारच्या खटल्यात हे उघड झालं. गूगलच्या जाहिरात विभागाचे वरिष्ठ अधिकारी जेरी डिशलर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये साक्षीत मान्य केलं की लिलावातल्या बदलांनी सर्वसाधारण जाहिरातदाराचा दर ५ टक्के वाढवला गेला असेल, काही शोधांसाठी १० टक्केही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवलं. त्यांच्या निकालात हेही आहे की दर ठरवताना गूगल प्रतिस्पर्ध्यांचे दर विचारातच घेत नाही.

यावर कोणी म्हणेल, न पटलं तर जाहिरात देऊ नका. चांगला मजकूर लिहा, फुकटच्या निकालात वर या. ऐकायला ठीक आहे. पण मे २०२४ पासून अमेरिकेत आणि ऑगस्टपासून आपल्याकडे पानाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेलं उत्तर यायला लागलं आहे. तुम्ही लिहिलेलं ती वाचते, सारांश करते, आणि वाचणाऱ्याला तुमच्या दारापर्यंत यायचं कारण उरत नाही. यावर पुढच्या व्याख्यानात सविस्तर बोलू.

मेहतांचा दुसरा निकाल, उपायांचा, सप्टेंबर २०२५ मध्ये आला. सगळी चर्चा क्रोम विकावं लागणार की नाही यावर झाली. नाही लागणार. जाहिरातदारांबद्दलचा भाग मात्र फारसा कोणी वाचला नाही. लिलावात महत्त्वाचे बदल केले तर ते गूगलने जाहीर करायचे, असा आदेश त्यात आहे. म्हणजे रुमाल थोडा उचलला. पण सरकार पक्षाने आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या, शोधशब्दांची तपशीलवार माहिती आणि खरोखरची तंतोतंत जुळणी. म्हणजे आपल्या खेळणीवाल्याची वही, आणि 'एवढंच, दुसरं नको' असं म्हणायचा त्याचा हक्क. या दोन्ही मागण्या न्यायालयाने नामंजूर केल्या.