चांगुलपणाचे आत्मदान : एक ख्रिस्ती सिद्धान्त आणि त्याचे मराठी प्रतिशब्द

ख्रिस्ती ईश्वरविद्येत एक सिद्धान्त फार जुना आहे. जे चांगले आहे ते आपल्यापुरते राहत नाही. दुसऱ्याला आपला वाटा देणे हा चांगुलपणाचा स्वभावच होय, असे तो सांगतो. सृष्टी का झाली, देवाने देह का धारण केला, माणसाने माणसाच्या उपयोगी का पडावे, ह्या तिन्ही प्रश्नांना ख्रिस्ती विचारवंतांनी ह्या एकाच सिद्धान्ताच्या आधारे उत्तरे दिली. मराठीत मात्र ह्या सिद्धान्ताची चर्चा बहुधा 'संतांचा परोपकार आणि ख्रिस्ताची प्रीती' अशा साम्यदर्शक मथळ्याखाली आटोपली जाते. साम्य आहे हे खरे. पण तेवढ्यावर थांबल्याने दोन्ही बाजूंचे मर्म हातचे निसटते. प्रस्तुत लेखात त्या साम्याची थोडी कठोर तपासणी करावयाची आहे.

सिद्धान्ताचे मूळ ख्रिस्ती नाही. प्लेटोच्या 'तिमेयस' ह्या संवादात जगाचा कर्ता चांगला होता, चांगल्याच्या ठायी मत्सर नसतो, म्हणून सर्व काही आपल्यासारखे व्हावे अशी त्याने इच्छा केली, असे प्रतिपादन आहे. प्लोटायनसने पुढे भरून वाहणाऱ्या परिपूर्णतेची कल्पना मांडली. पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकाळात डायोनिसियस ह्या नावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात ग्रंथकाराने हा विचार 'दिव्य नामे' ह्या ग्रंथात ख्रिस्ती केला. त्याच्या चौथ्या अध्यायातील सूर्याचा दृष्टान्त सर्वत्र गाजला : सूर्य विचार करून वा निवड करून प्रकाश देत नाही, केवळ सूर्य असण्यानेच तो देतो, ईश्वरी चांगुलपणाचेही तसेच.

येथेच अडचण उभी राहते. न निवडता देणारा दाता दाता म्हणावा काय? पाणी उताराकडे जाते त्याला आपण पाण्याचे औदार्य म्हणत नाही. देवाला देणे भागच असेल तर सृष्टी ही देणगी उरत नाही, ती देवाच्या स्वभावाची निष्पत्ती होते. आणि निष्पत्तीबद्दल कृतज्ञ राहण्याचे कारण नाही. डायोनिसियसला ह्याची जाणीव नव्हती असे नाही. त्याच अध्यायात पुढे तो देवाच्या अनुरागाविषयी लिहितो आणि प्रेमामुळे देव जणू आपल्याबाहेर येतो असे सांगतो. परंतु सूर्याचा दृष्टान्त इतका तेजस्वी ठरला की पुढचे वाक्य त्याच्या प्रकाशात दिसेनासे झाले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातही सूर्य आहे आणि तो बऱ्यावाईटांवर सारखाच प्रकाशतो. पण तेथे सूर्य आपण होऊन उगवत नाही, स्वर्गीय पिता त्याला उगवावयास लावतो. मराठी व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर तेथले क्रियापद प्रयोजक अर्थाचे आहे. ग्रीक तत्त्वज्ञान आणि शुभवर्तमान ह्यांतील अंतर ह्या एका क्रियापदात मावते.

तेराव्या शतकात ह्या अडचणीची दोन उत्तरे पुढे आली. बोनाव्हेंचरने १२५९ साली लिहिलेल्या 'ईश्वराकडे मनाचा प्रवास' ह्या ग्रंथात असे मांडले की सृष्टी ही अनंत चांगुलपणाच्या मानाने बिंदुवत्. तेवढ्यात त्याचे संपूर्ण आत्मदान होणे शक्यच नाही. ते संपूर्ण आत्मदान अनादिकाळापासून देवाच्या अंतरंगात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या त्रैक्यात, चालूच आहे. म्हणजे देवाला देण्यासाठी जगाची गरज नाही, आणि म्हणूनच जगाला दिलेले मुक्तपणे दिलेले ठरते. थॉमस अक्वायनसचा मार्ग निराळा. चांगुलपणा स्वतःला पसरवितो ह्याचा अर्थ तो ढकलतो असा नसून तो आकर्षून घेतो असा आहे. येथे चांगुलपणा प्रयोजन ह्या अर्थाने कारण आहे, असे त्याने 'ईश्वरविद्यासारा'त स्पष्ट केले. देव स्वतःचा चांगुलपणा अनिवार्यपणे इच्छितो. इतर वस्तू मात्र अनिवार्यपणे इच्छीत नाही, कारण त्यांच्यावाचून त्याचे काही अडत नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने हाच निर्णय अधिकृत केला : देवाने स्वतःच्या आनंदात भर घालण्यासाठी नव्हे, तर पूर्णपणे स्वतंत्र इच्छेने सृष्टी केली.

हा प्रश्न भारतीय दर्शनांना अनोळखी नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात आक्षेपक विचारतो की ज्याला काही मिळवावयाचे उरलेले नाही तो सृष्टी कशासाठी करील? सूत्रकाराचे उत्तर लीलेचे आहे. लीला स्वातंत्र्याचे रक्षण उत्तम करते, बोनाव्हेंचरपेक्षाही सहज करते. पण ते करताना घेणाऱ्याला ती गौण करते. खेळणाऱ्याला खेळ पुरे असतो, खेळ कोणाच्या पदरात पडला हा प्रश्न त्यातून निघत नाही. लगेच पुढच्या सूत्रात विषमतेचा आणि निर्दयतेचा आक्षेप येतो तो काही योगायोगाने नव्हे. ख्रिस्ती सिद्धान्तात उलट घेणारा हाच केंद्रस्थानी आहे. तेथे अडचण येते ती दात्याच्या स्वातंत्र्याविषयी. येथे येते ती घेणाऱ्याच्या वाट्याविषयी. दोन परंपरांचे हे कोडे एकच नाही. 'लीला म्हणजेच ईश्वरी प्रेमाचा ओसंडणारा ओघ' असे सर्रास लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

आता नामदेवांकडे वळू. हिंगोली जिल्ह्यातील (हा जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला) कयाधूकाठचे नरसी हे परंपरेने त्यांचे जन्मस्थान, जन्मशक ११९२. जन्मस्थानाचा वाद अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नाशी दोन कथांचा संबंध येतो. पहिली विसोबा खेचरांची. एका परंपरेप्रमाणे ती औंढा नागनाथची. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी दोष दिला. जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले, आणि तसे स्थळ नामदेवांना सापडले नाही. दुसरी कथा भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याची. कोरडी भाकरी त्याने कशी खावी म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

ह्या कथेला ख्रिस्ती प्रीतीचे उदाहरण म्हणण्याचा मोह होतो. परंतु पहिली कथा वाचल्यावर दुसरीचा अर्थ बदलतो. तूप कुत्र्याला दिले नाही, कुत्र्यातील विठ्ठलाला दिले. देणारा, घेणारा आणि दिलेले ह्यांत अखेर भेद उरू नये ही ह्या दातृत्वाची सिद्धी आहे. ख्रिस्ती सिद्धान्ताला नेमका हाच भेद टिकवावा लागतो. सृष्ट जीव देव नाही. तो खरोखरच दुसरा आहे, आणि दुसरा आहे म्हणूनच त्याला दिलेले 'दिलेले' ठरते. दोन्ही ठिकाणी बाह्य कृती एकच, तूप भाकरीवर पडते. पण एके ठिकाणी दान अभेदाची ओळख पटविते, दुसऱ्या ठिकाणी भेदावर पूल बांधते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला दिलेले अन्न ख्रिस्त स्वतःला दिलेले मानतो, हा दाखला ह्यावर कोणी पुढे करील. तो वजनदार आहे. तरीही तेथे ख्रिस्त भुकेल्याची बाजू घेतो. भुकेला ख्रिस्त असतो असे कोणतेही प्रमुख ख्रिस्ती मत म्हणत नाही. येथवर साम्य जाते, पुढे नाही.

भेद टिकविण्याची किंमतही आहे आणि ती मराठवाड्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. दाता आणि घेणारा निरंतर वेगळे राहिले तर दाता निरंतर वर राहतो. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री ह्यांनी पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर 'बेथेल' हे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे आलेले बहुतेक मांग आणि महार समाजातील होते. विहीर, शाळा, काम आणि माणूस म्हणून वागणूक ही त्यांना तेथे मिळाली, हे लहान काम नव्हे. पण अशा प्रत्येक वसाहतीबद्दल, आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत पोरक्या मुलांना आश्रय देणाऱ्या प्रत्येक मिशनबद्दल, 'पोटासाठी बाटले' हा शेरा मारला गेला. त्या शेऱ्यात उच्चवर्णीय तुच्छता आहे, हे आधी सांगितले पाहिजे : भुकेल्याच्या मनाला श्रद्धा परवडत नाही असे तो गृहीत धरतो. तरीही सिद्धान्ताच्या बाजूने त्यातून एक प्रामाणिक प्रश्न निघतो. जे देणे आपल्या कळपाची संख्या मोजते ते चांगुलपणाचे आत्मदान नव्हे. स्वतःच्या आनंदात भर घालण्यासाठी देव देत नाही असे ठरविणाऱ्या धर्माच्या सेवकांनी स्वतःच्या अहवालांत भर घालण्यासाठी दिले, तर ते त्यांच्याच ईश्वरविद्येविरुद्ध वागले असे म्हणावे लागते.

अक्वायनसने ह्यावर एक कसोटी देऊन ठेवली आहे, तिच्याकडे आपल्याकडील समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ईश्वरी व्यवस्थेची चर्चा करताना तो म्हणतो की देव मध्यस्थांकरवी कार्य करवितो ते शक्ती अपुरी म्हणून नव्हे, तर चांगुलपणा विपुल म्हणून. कारण होण्याची प्रतिष्ठादेखील तो सृष्ट जीवांना देऊ इच्छितो. म्हणजे आत्मदान पूर्ण झाले की नाही हे घेणाऱ्याचे पोट भरले की नाही एवढ्यावर ठरत नाही. घेणारा स्वतः देणारा झाला की नाही ह्यावर ठरते. आश्रित हा आश्रितच राहिला तर दान अर्धवट राहिले.

ह्या कसोटीला मराठी ख्रिस्ती वाङ्मयात सर्वांत जवळ आलेले नाव नारायण वामन टिळकांचे. धर्मांतरित ब्राह्मण कवी, 'ज्ञानोदया'चे संपादक आणि 'ख्रिस्तायन' ह्या अपूर्ण महाकाव्याचे कर्ते म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. 'वनवासी फूल' ह्या काव्यात एकांत की लोकसंग्रह हा प्रश्न त्यांनी फूल आणि माणूस ह्यांच्या संवादातून हाताळला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती १९१७ ची घटना. त्या वर्षी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत ही कल्पना होती. मिशनच्या पगारावर जगणारा मराठी ख्रिस्ती हा कायमचा घेणाराच राहतो, त्याने देणारा व्हावे, ही त्यामागची तळमळ मला सिद्धान्तदृष्ट्या त्यांच्या कित्येक कवितांहून मोलाची वाटते. काव्यात ते कृतज्ञता अतिशय सुंदर गातात, पण बहुधा घेणाऱ्याच्याच स्वरात.

शब्दांचा प्रश्न राहिला, आणि तो किरकोळ नाही. मराठी बायबलात मेंढपाळ 'उत्तम' आहे. 'उत्तम' हा तरतमभावाचा शब्द; तो इतरांहून वर असणे सुचवितो, इतरांकडे जाणे सुचवीत नाही. 'परोपकार' ह्यात पर आहे, पण ईश्वर नाही. शिवाय उपकाराचे ओझे आहे. 'कृपा' वरून खाली येते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धैर्य दाखविले. अक्वायनसला प्रमाण मानणाऱ्या येशूसंघीयांपैकी ते एक, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा कर्ता. ह्या सिद्धान्तासाठी त्यांची ओवी कोणती पदे वापरते ह्याचा स्वतंत्र शोध घेण्याजोगा आहे. त्या पुराणाच्या देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधणारे जस्टिन ॲबट हेच महिपतींच्या 'भक्तविजया'चे, म्हणजे नामदेवकथांचेही, इंग्रजी भाषांतरकार. दोन्ही दालने एकाच माणसाने उघडली, आणि आपण त्यांच्यामधले दार लावून बसलो.

माझ्या मते आपल्या जवळचा शब्द जुन्या मराठीतील 'चांग' ह्याच्या कुळातला, 'चांगुलपणा' हाच आहे. तो विद्वत्तेचा वाटत नाही म्हणून टाळला जातो. आणि 'आत्मदाना'ला जोड द्यावयाचीच तर 'प्रसादा'पेक्षा 'काल्या'ची द्यावी. प्रसाद एका हातून अनेकांना जातो. काल्यात प्रत्येकाची शिदोरी पडते, एकाचा घास दुसऱ्याच्या मुखात जातो, आणि कोणाचे कोणते हे उरत नाही. अर्थात ख्रिस्ती विचारवंत येथेही हरकत घेईल : शिदोरी बांधून देणारा कोण, हे काला सांगत नाही. ती हरकत योग्य आहे. परंतु घेणाऱ्याच्या हाती शिदोरी असावी लागते, हे काला जितके स्पष्ट सांगतो तितके प्रभुभोजनाचा विधी चालविणाऱ्या आपल्याकडील मंडळ्यांनी फार काळ सांगितले नाही. आणि टिळक ९ मे १९१९ रोजी वारले तेव्हा ते सांगू पाहणारा दरबार जेमतेम दोन वर्षांचा होता.