राईस मिलचं अंगण

वारसा म्हटलं की आपण मान वर करतो. कमान, नक्षी, घड्याळाचा मनोरा. भंडारा जिल्ह्यात, तुमसरसारख्या तांदळाच्या बाजारपेठेत, नजर खाली न्यावी लागते. उष्णा तांदूळ काढणाऱ्या जुन्या राईस मिलचं स्थापत्य जमिनीवर पसरलेलं असतं.

आधी हौद, त्यात धान भिजतं. मग वाफेची टाकी. तिथून धान उन्हात वाळायला पक्क्या अंगणात येतं. शेवटी उंच शेडमध्ये भरडाई. निघालेलं तूस भट्टीत जातं आणि त्याचीच वाफ पुढच्या धानाला मिळते. वर दिसणारं धुराडं म्हणजे या साखळीचं फक्त टोक. इथे सजावट नाही, म्हणून वारसा शोधणाऱ्यांना ही इमारत दिसत नाही. पण हौदापासून अंगणापर्यंतच्या प्रत्येक अंतराला कारण आहे.

या इमारतीचा वापर एक वीटही न हलता बदलू शकतो. यांत्रिक ड्रायर आला की अंगण रिकामं होतं. सरकारी धानाची भरडाई घेतली की क्विंटलमागे ६७-६८ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. ज्या गादीवर भावाची घासाघीस व्हायची, तिथे मग हिशेबाचं रजिस्टर उरतं. व्यापारी कंत्राटदार होतो. मिल बंद पडली, तर तिचं गोदाम किंवा लग्नाचं लॉन व्हायला फार वेळ लागत नाही.

वाचवणं म्हणजे काय, हा प्रश्न शेजारच्या नागपूरनेही पाहिला आहे. तिथली एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद झाली. त्या जागेवर आज मॉल आहे. नाव टिकलं, काम गेलं. निव्वळ धुराडं राखून केलेलं जतन याहून फार वेगळं नसतं.

पण गळा काढण्याआधी थांबू या. त्या अंगणात बाया भर उन्हात पायांनी धान फिरवत. ड्रायरने त्यांची रोजी गेली, तसे चटकेही गेले. अंगणाची गोड आठवण बहुधा सावलीत बसलेल्याची असते.

म्हणून जुनी मिल दिसली तर धुराड्याचा फोटो काढालच. हौदापासून अंगणापर्यंतची पावलंही मोजा. आणि तिथे राबलेली एखादी आजी भेटली तर विचारा, दिवसात अशा किती फेऱ्या व्हायच्या? इमारतीचा नकाशा तिच्या उत्तराशिवाय अपुरा आहे.