ट्रॅक थांबत नाही

‘कराओके’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’. ‘कारा’ म्हणजे रिकामं आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं तोडून घेतलेलं रूप. कोबे शहरातला दाइसुके इनोउए नावाचा वादक बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करायचा. एकदा अशाच एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि इनोउएला सोबत जाता येईना. मग त्याने आपली साथ टेपवर वाजवून दिली. त्या कल्पनेतून १९७१मध्ये त्याचं यंत्र तयार झालं. म्हणजे कराओकेचा जन्मच मुळी साथीदाराच्या गैरहजेरीतून झाला.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात हौसेने गाणाऱ्यांचं मुख्य वाद्य आज हेच आहे. सोसायटीचा गणपती असो, कुणाची साठी असो, ऑफिसातला निरोप समारंभ असो, एक स्पीकर, दोन माइक आणि मोबाइलवरचा ट्रॅक एवढ्यावर भागतं. काही जणांचे ग्रुप आहेत. ते महिन्यातून एकदा वर्गणी काढून छोटा हॉल घेतात आणि प्रत्येकाला दोन-दोन गाणी मिळतात. मीही अशा कार्यक्रमांना जातो. मला तिथे नाक मुरडायचं नाही. आयुष्यभर नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून साठीत पहिल्यांदा माइक हातात घेणाऱ्या बाईला ‘हे काही खरं गाणं नव्हे’ असं सांगणाऱ्यांतला मी नाही. तबलजी आणि पेटीवाला शोधा, त्यांच्या वेळा जुळवा, त्यांना मानधन द्या, हे सगळं कराओकेने एका झटक्यात सोपं केलं.

तरीही मला एक तक्रार मांडायची आहे. हौशी माणसाला गाण्यातून जे मिळतं, त्यातलं बरंचसं साथीतून मिळतं. आणि आपण सोय म्हणून नेमकी साथच सोडून देतो आहोत.

साथ म्हणजे काय, हे मी पेटीवर बसून शिकलो. मी हौशी पेटीवाला आहे. डोंबिवलीत ओळखीच्या घरी भजन असलं किंवा चार जण जमून गाणार असले की मला बोलावणं येतं. पेटी तशी अडचणीचं वाद्य. तिचे सूर ठरलेले, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर येत नाही. याच दोषामुळे ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. पण एवढी नावं ठेवूनही मैफलीतून पेटी गेली नाही. कारण पेटीवाला गाणाऱ्याच्या किंचित मागे राहून ऐकत असतो. गाणाऱ्याचा श्वास संपला की तो सूर धरून ठेवतो. गाणारा अंतऱ्याचे शब्द विसरला तर मुखडा पुन्हा वाजवून त्याला आठवायला वेळ देतो. गाणाऱ्याने मात्रा खाल्ली तर तबलजी गालातल्या गालात हसतो आणि पुढच्या समेवर त्याला गाठतो. श्रोत्यांना यातलं काही कळत नाही आणि गाणाऱ्याची अब्रू वाचते.

ट्रॅक हे करू शकत नाही. अ‍ॅपमध्ये पट्टी बदलता येते, लय कमी करता येते, हे मला ठाऊक आहे. पण ते सगळं गाणं सुरू होण्याआधी. एकदा सुरू झालं की ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. स्क्रीनवरची अक्षरं एकेक करून रंगत जातात आणि गाणारा त्यांच्यामागे धावतो. आमच्या इमारतीतल्या एक काकू भजनात एखादी ओळ फार सुंदर लांबवतात. त्या ओळीवर त्या जरा थांबतात, मग पुढे जातात. ट्रॅकवर तेच गाणं म्हणताना त्यांनी ते थांबणं काढून टाकलं. मी विचारलं, ‘काकू, तुमची ती जागा कुठे गेली?’ त्या म्हणाल्या, ‘अरे, तिथे थांबले तर गाडी सुटते ना!’ डोंबिवलीच्या बाईला ही उपमा शोधावी लागली नाही. पण मला ती लागली. घड्याळाच्या काट्यावर पळायची सवय आपण गाण्यातही आणली.

कुणी म्हणेल, ‘पण मूळ गाण्यात तिथे थांबणं नाहीच.’ हा ‘मूळ गाणं’ नावाचा प्रकार जरा तपासून पाहायला हवा. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात बसवलेलं गाणं घरोघरी पोचलं आणि तेच ‘मूळ’ ठरलं. एकच घटलेली प्रत अशी सवय तोवर लोकांना नव्हती. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा व्हायचं आणि दुसऱ्या वेळी गाणारा त्यात नव्या जागा घ्यायचा. ते पद किती चालणार, हे समोरची माणसं आणि गाणारा मिळून ठरवायचे. गजानन वाटवे पुण्याच्या गणेशोत्सवात पेटी घेऊन चौकाचौकांत भावगीतं गायचे. त्या गर्दीसमोरचं गाणं तबकडीच्या मापाने कापलेलं असण्याचं कारण नव्हतं.

आता आपली नाट्यगृहं बघा. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणात अत्रे रंगमंदिर. इथे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम सतत होतात आणि भरतात. त्यांत पी. सावळारामांची गाणी हमखास असतात. ते तर ठाण्याचेच आणि शहराचे नगराध्यक्षही झालेले. या कार्यक्रमांत समोर हाडामांसाचे वादक असतात, तरी मला अनेकदा कराओकेच ऐकल्यासारखं वाटतं. गायिका रेकॉर्डमधली प्रत्येक हरकत तंतोतंत घेते, कीबोर्डवाला बासरीचा तुकडा जसाच्या तसा वाजवतो, आणि निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये मोकळी जागा म्हणून ठेवत नाही. टाळ्या पडतात त्या ‘अगदी सेम टु सेम’ला. आपण ऐकायला जातो की आठवणींशी पडताळून पाहायला जातो? गायिकेने एखादी ओळ वेगळी म्हटली तर मागच्या रांगेतून कुजबुज होते. म्हणजे ट्रॅक यंत्रात असतो तसा आता तो श्रोत्यांच्या कानातही बसला आहे.

याच्या उलट टोकाचं संगीत याच पट्ट्यात, लोकलच्या डब्यात आहे. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यापर्यंत. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आज आपल्या आयुष्याचा मोठा हिस्सा त्या रुळांवर जातो. सकाळच्या ठरावीक गाडीत, ठरावीक डब्यात भजनी मंडळी भेटतात. दोन-चार टाळांच्या जोड्या, जमलं तर ढोलकी, नाहीतर डब्याचा पत्रा. एक जण बुवा, बाकीचे कोरस. सुरुवात रूपाच्या अभंगाने, मग गवळण, आणि उतरायचं स्टेशन जवळ आलं की भैरवी.

संगीत म्हणून या भजनाला कुणी पुरस्कार देणार नाही. पट्टी बुवाच्या घशाप्रमाणे, लय गाडीच्या हेलकाव्याप्रमाणे. पण तिथे काय घडतं ते ऐका. बुवाचा आवाज बसला तर कोरस त्याची ओळ उचलतो. ठाण्याला रेटा आला आणि टाळवाला आत ढकलला गेला तर दुसरा कुणी हाताने ठेका धरतो. नवा माणूस आला तर त्याला पहिल्या दिवशी नुसतं धृपद, महिन्याने टाळ, आणि वर्षाने कधीतरी ‘आज तुम्ही म्हणा.’ चुकलेल्याला सावरणं ही या संगीताची रचनाच आहे. म्हणून पन्नास वर्षांचा बेसूर कारकूनही तिथे रोज गातो आणि कुणी त्याला हसत नाही.

या भजनाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. रात्रपाळी करून झोपायला टेकलेल्या माणसावर, परीक्षेला निघालेल्या मुलीवर, ज्याला हे देव नकोत त्याच्यावर ते लादलं जातं. त्यावरून भांडणं होतात आणि तक्रार करणाऱ्याचं म्हणणं चुकीचं नसतं. सामूहिक गाणं ज्या जागेत होतं ती जागा सगळ्यांची असेल, तर ‘आमची भक्ती’ एवढं उत्तर पुरत नाही. पण त्यावर आपण शोधलेलं उत्तर काय, तर प्रत्येकाच्या कानात आपापलं बोंडुक. मीही लावतो. नॉइज कॅन्सलेशनने कल्याण ते सीएसएमटीच्या तासाभरात एक अख्खा ख्याल ऐकून होतो. अशी चैन आधीच्या पिढीला नव्हती आणि ती मी सोडणार नाही. फक्त त्या ऐकण्यात माझी काही जबाबदारी नसते. मी कंटाळलो तर कलाकाराला कळत नाही आणि भारावलो तरी कळत नाही.

हा फरक छोट्या मैफलीत लगेच जाणवतो. कल्याण गायन समाज ही १९२६ साली सुरू झालेली संस्था. भास्करबुवा बखले यांच्या ‘देवगंधर्व’ या उपाधीच्या नावाने तिथे महोत्सव होतो. ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. ‘मंदारमाला’ गाजवणारे रामभाऊ ठाण्यात राहायचे. डोंबिवलीत गजाननबुवा जोशी राहायचे. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले हे गवई व्हायोलिनही तितक्याच तयारीने वाजवायचे. विदर्भातून आलेले उल्हास कशाळकर या दोघांकडे शिकले. म्हणजे आज देशभर ऐकल्या जाणाऱ्या एका गायकीची घडण मध्य रेल्वेच्या दोन स्टेशनांवर झाली आहे. ही गोष्ट आपल्याकडच्या किती तरुणांना माहीत असते?

अशा ठिकाणी शंभर-दीडशे माणसांत बसलं की श्रोताही साथीदारच असतो. ‘क्या बात है’ हे प्रशस्तिपत्र नसतं. इथवर आम्ही तुमच्याबरोबर आलो आहोत, पुढे चला, असं ते सांगणं असतं. दाद चुकीच्या जागी आली तर गवई ओळखतो, आणि दादच आली नाही तर तो दुसरी वाट धरतो. त्या दिवशीचं गाणं थोडंसं आपल्यामुळे तसं होतं. मोबाइलवरचं गाणं आपल्यामुळे कधीच काही होत नाही.

तरुण वाचकांना हे सगळं म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं वाटू शकेल. पण मला सर्वांत आशा त्यांच्यातच दिसते. वन बीएचकेत, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला सांभाळत, तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर पहाटे दबक्या आवाजात रियाज करणारी मुलं-मुली मला माहीत आहेत. अ‍ॅपचा तानपुराही यंत्रच, पण तो धावत नाही. तो नुसता सूर धरून बसतो आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ देतो. तेव्हा माझं भांडण यंत्राशी नाही. माणसाला वाट पाहायला न लावता त्याला पळवणाऱ्या यंत्राशी आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी महिना महिना सराव करणारी ढोलपथकंही तरुणांचीच. त्यांच्या आवाजाबद्दल आक्षेप जरूर घ्या, पण शेजारच्याचं टिपरू ऐकल्याशिवाय आपलं टिपरू पडत नाही, हे तिथे प्रत्येक जण शिकतो.

म्हणून एक साधी सूचना. तुमच्या सोसायटीत यंदा कराओकेची रात्र असेल तर होऊ द्या. पण त्यातली दोन गाणी ट्रॅकशिवाय ठेवा. चौथ्या मजल्यावरचा कुणी गिटार शिकतोय, दुसऱ्यावरच्या मुलीने तबल्याच्या तीन परीक्षा दिल्यात, हे कार्यक्रम ठरवताना विचारल्याशिवाय कळत नाही. पहिलं कडवं घसरेल. गिटारवाला पुढे जाईल, गाणारी मागे राहील, तबला मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल. स्पीकरची सवय झालेल्यांना ते फिकं वाटेल, आणि खरंच ते फिकं असेल. पण दुसऱ्या कडव्याला गिटारवाला मान वर करून गाणारीच्या तोंडाकडे बघू लागेल. ती कुठे श्वास घेते ते त्याला कळू लागेल.

गेल्या महिन्यात काकूंनी मला घरी बोलावून तेच गाणं पेटीवर म्हटलं. त्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी हाताने मला खूण केली, जरा थांब. मी सूर धरून ठेवला. त्या किती वेळ थांबल्या, ते मी मोजलं नाही.