पाइपला पट्टी, धमनीला जाळी

टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश अभियंत्याचे स्वतःच्या हृदयदुरुस्तीविषयीचे २०११ सालचे भाषण वर्गात दाखवण्याजोगे आहे. मात्र ते कसे दाखवावे, याचा विचार व्हायला हवा असे आम्हाला वाटते.

गोल्सवर्दींना मार्फान हा आनुवंशिक विकार आहे. त्यात फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. महाधमनीची भिंत दुबळी होते आणि हृदयालगत ती फुगत जाते. दाब तोच असला तरी नळी रुंदावली की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणून फुगवटा वाढतच राहतो आणि अखेर धमनी फाटू शकते. १९६८ पासूनच्या बेंटॉल शस्त्रक्रियेत हा भाग झडपेसह काढून कृत्रिम नळी व झडप बसवतात. झडप यांत्रिक असेल तर रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. गोल्सवर्दींना ते नको होते. फुगलेल्या पाइपला बाहेरून पट्टी गुंडाळतो, तशी धमनीला का नको? एमआरआयवरून त्यांनी आपल्या धमनीची प्रतिकृती बनवली, तिच्यावर मापाची जाळी बेतली आणि २००४ मध्ये ती त्यांनाच पहिल्यांदा बसवली गेली.

प्रश्न मांडण्याची ही रीत विद्यार्थ्यांनी जरूर शिकावी. आमचा आक्षेप पाइपच्या दृष्टान्ताला आहे. तो इतका चटकन पटतो की पुरावा मागायचे सुचतच नाही. पाइप निर्जीव असतो, धमनी जिवंत असते. जाळीखाली तिची भिंत झिजेल की सावरेल, हे दृष्टान्त सांगू शकत नाही. शिवाय गुंडाळण्याची कल्पना जुनीच आहे. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी आइन्स्टाइनच्या पोटातील फुगलेल्या महाधमनीभोवती सेलोफेन गुंडाळला होता. पुढे सात वर्षांनी, १९५५ मध्ये, तीच धमनी फुटून आइन्स्टाइन गेले. अशा वेळी शल्यचिकित्सक सावध राहिले तर त्याला हटवाद म्हणता येत नाही.

जाळीच्या बाजूने पुरावा हळूहळू जमला. जाळी बसवल्यानंतर साडेचार वर्षांनी मरण पावलेल्या एका रुग्णाची धमनी तपासली, तेव्हा जाळी भिंतीत मुरलेली आणि आतील ऊतक निरोगी दिसले. ही नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही तो एकच रुग्ण होता. मूळ दोष जनुकात असल्याने उरलेल्या महाधमनीवर लक्ष ठेवावेच लागते.

शिक्षकांना आमची सूचना एवढीच, की पाइपचा उल्लेख येताच भाषण थांबवावे आणि विचारावे, "हे खरे ठरवायला आणखी काय तपासाल?" विद्यार्थ्यांची उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि मगच भाषण पुढे चालू करावे.