मुका साक्षीदार : कुत्रा असलेल्या रहस्यकथा कशा वाचाव्यात



रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमच्या गल्लीत कोणाची चप्पल नाहीशी झाली की पहिला संशय कुत्र्यावर जातो. तपासही तिथेच संपतो, कारण आरोपीला बोलता येत नाही. कुत्रा असलेल्या रहस्यकथा आपल्याला का आवडतात, याचं उत्तर मला याच सवयीत सापडतं.

१. प्रकार कोणता?
इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ नावाचा एक कथाप्रकार आहे. छोटं गाव किंवा एखादं घर, मोजके संशयित, पडद्याआड घडलेला खून आणि शेवटी पूर्ववत बसलेली घडी, असं त्याचं साधारण रूप असतं. रक्तपात कमी आणि चहा जास्त! अशा कथांत कुत्रा हमखास असतो. बऱ्याचदा तो फक्त मुखपृष्ठापुरता असतो किंवा लेखक अडकला की नेमक्या पानावर हाड उकरून आणतो. चांगली कथा ओळखायची माझी कसोटी सोपी आहे : कुत्रा काढून टाका आणि उकल टिकते का ते पाहा. टिकली, तर कुत्रा शोभेचा होता.

२. न भुंकलेला कुत्रा
आर्थर कॉनन डॉयल यांची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा १८९२ची. ती कोझी नव्हे, पण या साऱ्यांची पूर्वज आहे. रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नेला जातो. तिथला कुत्रा माळ्यावर झोपलेल्या पोरांना जाग येईल इतकाही भुंकत नाही. होम्सचा निष्कर्ष : आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता.

इथे थांबून शंका घ्या. कुत्रा झोपला असेल तर? संकेत आला नाही म्हणजे घटना घडली नाही, असं प्रयोगशाळेत आपण मानत नाही. आधी उपकरण चालू होतं का ते तपासतो. डॉयल यांनाही ते ठाऊक असावं. पहारेकऱ्याच्या मटणरश्शात अफू मिसळलेली होती. त्या रात्री नेमका तोच झणझणीत पदार्थ शिजेल, हे बाहेरचा माणूस ठरवू शकत नव्हता. दोन स्वतंत्र पुरावे एकाच घराकडे बोट दाखवतात, म्हणून निष्कर्ष पक्का होतो.

३. जिन्यावरचा चेंडू
अगाथा ख्रिस्ती यांची ‘डंब विटनेस’ ही कादंबरी १९३७ची. ती त्यांनी पीटर या आपल्या कुत्र्याला अर्पण केली आहे. श्रीमंत, वृद्ध एमिली अरंडेल रात्री जिन्यावरून पडतात. त्यांच्या बॉब या टेरियरला जिन्याच्या वरच्या पायरीवर चेंडू सोडून जायची खोड असते. मग काय, सगळ्यांचं एकमत : बॉबच्या चेंडूवरून पाय घसरला. बाईंना मात्र शंका येते. त्या पॉयरोला पत्र लिहितात. ते दोन महिन्यांहून अधिक उशिरा पोहोचतं, तोवर त्या वारलेल्या असतात.

खुनी कोण ते सांगत नाही. पण पॉयरो एक गोष्ट करतो, जी घरातल्या कोणी केली नाही : तो कुत्र्याची बाजू तपासतो. बॉब तर ती सारी रात्र घराबाहेर होता!

मला ही कादंबरी आवडते ती बॉब गोड आहे म्हणून नाही. मुक्यावर ढकललेला दोष कोणीतरी तपासून पाहतं, म्हणून आवडते. अपघाताच्या अहवालात ‘मानवी चूक’ असं लिहून फाईल बंद होते, तेव्हा तो माणूस अनेकदा मेलेला असतो. त्याचाही बॉबच झालेला असतो. उद्या असे अहवाल तुम्ही लिहिणार आहात.

४. कुत्राच निवेदक
स्पेन्सर क्विन यांच्या ‘डॉग ऑन इट’ (२००९) मध्ये चेट हा कुत्राच गोष्ट सांगतो. पोलिसी श्वानशाळेत तो नापास झालेला. त्याला वास अचूक येतो, अर्थ मात्र लागत नाही. मध्येच खाणं दिसलं की लक्ष उडतं. नोंद त्याची आणि अनुमान आपलं, अशी इथे वाचनाची वाटणी होते. मजा भरपूर आहे. पण बॉबच्या वेळी लागलेली टोचणी इथे नाही, आणि मला ती हवी असते.

५. आक्षेप
या कथा खून सुसह्य करतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. शेवटी कुत्रा सुखरूप राहतो आणि मेलेलं माणूस आपण विसरतो. म्हणून ऊब जरूर घ्या, पण मेलेल्याचं नाव लक्षात ठेवा.

स्वाध्याय
१) ‘सिल्व्हर ब्लेझ’ वाचा. होम्सकथांचे भालबा केळकरांनी केलेले मराठी अनुवादही आहेत. रश्शाचा पुरावा वगळला, तर कुत्र्याच्या शांततेचे आणखी किती अर्थ निघतात?
२) तुमच्या घरात, वसतिगृहात किंवा गल्लीत न तपासता दोष कोणावर जातो? एक प्रसंग दहा ओळींत लिहा.